खडू लावणारीचं नाव

भागीबाई माणसाला तोंडावरून ओळखत नाही, कॉलरवरून ओळखते. तोंड माणूस रोज सकाळी धुतो, आरशात बघून सारखं करतो आणि समोर कोण उभं आहे ते पाहून बदलतो. कॉलरला ते जमत नाही. मानेचा घाम, कानामागचं तेल, उन्हात उभं राहिल्याची पिवळी रेघ हे सगळं ती मुकाट धरून ठेवते आणि आठवडा संपला की भागीबाईच्या हातात आणून देते. भागीबाई ते दोन बोटांच्या मध्ये धरते, डोळ्यांजवळ नेते, आणि मग ज्याची कॉलर असेल त्याच्याबद्दल तिचं मत कायमचं ठरून जातं.

नाशकातल्या द्वारकेच्या चौकातला ट्रकांचा गोंगाट मागे टाकून आत वळलं, की दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी एक कडुनिंब लागतो. त्याच्याखाली पत्र्याचं छप्पर, छपराखाली लाकडी टेबल, टेबलावर जुनी घोंगडी आणि घोंगडीवर चादर. शेजारी कोळशाचं पोतं आणि पितळी कोंबड्याची खिट्टी असलेली जडशीळ इस्त्री. एकतीस वर्षं भागीबाई या धंद्यात आहे. सिन्नरकडच्या एका वाडीतून लग्न होऊन ती नाशकात आली, तेव्हा तिचा नवरा सहादू इथेच उभा राहायचा आणि ती घरामागच्या हौदावर धुणं धुवायची. नऊ वर्षांपूर्वी सहादू गेला. दहाव्याला दिराने रीतीप्रमाणे पांढरं पातळ आणलं. भागीबाईने ते उलगडून पाहिलं, पोत चाचपला, घडी घालून परत दिलं आणि म्हणाली की पांढरं धुणं हा माझा धंदा आहे, नेसणं नाही. तेव्हापासून ती पोपटी, डाळिंबी, मोरपंखी असलीच लुगडी नेसते. भावकीत याची बरीच चर्चा झाली. मग चर्चाच थकली आणि थांबली.

सहादूने तिला धंद्याचे दोन कायदे शिकवले होते. पहिला, कपडा पाण्यात घालण्याआधी खिसा बघायचा, आणि खिशात जे सापडेल ते कापडाच्या तुकड्यात बांधून घडीच्या वर ठेवून मालकाला द्यायचं. दुसरा, सापडलेलं उघडायचं नाही, वाचायचं नाही. या एकतीस वर्षांत तिने खिशांतून सोन्याची अंगठी काढली, दवाखान्याचे रिपोर्ट काढले, घरच्यांना न दाखवण्यासारख्या चिठ्ठ्या काढल्या, आणि सगळं बांधून जसंच्या तसं परत केलं. कॉलनीतल्या कितीतरी घरांची अब्रू त्या गाठोड्यांत आली आणि गेली. भागीबाई सातवी शिकलेली. वाचता न येणाऱ्याने न वाचणं आणि येणाऱ्याने न वाचणं यांतला फरक तिला चांगला ठाऊक होता, आणि तिचा सगळा अभिमान त्या फरकात होता.

अशा या बाईकडे दर आठवड्याला पांढऱ्या कुर्त्या-पायजम्यांचे चार जोड यायचे, ते प्रफुल्लभाऊंचे.

प्रफुल्लभाऊ म्हणजे त्या भागातले पुढारी. दोनदा निवडून आलेले, एकदा पडलेले, पण पडल्याचं त्यांच्या चालण्यात कुठे दिसत नसे. त्यांच्या कपड्यांना कांजी इतकी घट्ट लागायची की कुर्ता टेबलावर उभा केला तर माणसावाचून उभा राहील. भागीबाईच्या मते तोच त्यांचा खरा गुण होता. आत माणूस नसला तरी बाहेरून काही फरक पडत नव्हता. त्यांच्या कॉलरला घाम नसायचा. बगलेत नसायचा, पाठीवर नसायचा. मळ फक्त दोन जागी असायचा, बसण्याच्या जागी आणि पोटावर. सतरा वर्षं ती ते कपडे धूत होती आणि सतरा वर्षांत एकदाही त्या कपड्यांत तिला काम केल्याची खूण दिसली नव्हती. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरसमोर उभे राहून भाऊंनी फोटो काढला, त्या दिवशीचा कुर्ता तिच्याकडे आला तेव्हा त्यावर पाण्याचा शिंतोडासुद्धा नव्हता.

कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ती कॉलरच्या आत न जाणाऱ्या शाईने प्रत्येक घराची खूण घालते. बँकेतल्या साहेबांची फुली, रिक्षावाल्याची दोन रेघा, शाळेतल्या बाईंचं चांदणं. प्रफुल्लभाऊंसाठी तिने पहिल्याच दिवशी एक बारीक गोल काढला होता, आत काही नसलेला. भाऊंच्या मानेला तो शून्य रोज चिकटलेला असायचा. त्यांनी कधी विचारलं नाही. कपडे घालणारा कॉलरच्या आत बघत नाही.

डिसेंबरात महापालिकेच्या निवडणुकीचं आरक्षण लागलं आणि भाऊंची जागा ओबीसी महिलांसाठी राखीव झाली. भाऊ ओबीसीही नव्हते आणि महिलाही नव्हते. कुणी दुसरा असता तर घरी बसला असता. भाऊंनी संजना नावाच्या एका बाईंना उभं करायचं ठरवलं. त्या त्यांच्या भागीदाराच्या बायको. निवडून आल्या तर सही त्या करणार आणि बोलणार भाऊ, हे सगळ्या प्रभागाला ठाऊक होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. फक्त संजनाबाईंच्या जातीच्या दाखल्यात काही खोट होती. छाननीत अर्ज उडालाच तर हाताशी दुसरं नाव हवं, म्हणून एक डमी शोधायची होती. डमी म्हणजे काय हे भाऊंच्या कार्यकर्त्याने, कुंदनने, भागीबाईला समजावलं. गाडीच्या मागे ठेवलेलं जादा चाक. लागलं तर लावायचं, नाही लागलं तर काढून ठेवायचं.

भागीबाईचे दाखले तयार होते. तिची मुलगी राखी सुरगाण्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिच्या प्रवेशाच्या वेळी साऱ्या घराचे दाखले काढून पेटीत ठेवलेले होते. भाऊंना ते कसं कळलं देव जाणे. ते स्वतः गाडीतून उतरले, कडुनिंबाखाली आले, तिला मावशी म्हणाले. सतरा वर्षांत ते गाडीतून पहिल्यांदाच उतरले होते. फक्त एक सही लागेल, नंतर माघार घ्यायची का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, तुमचाच हक्क आहे तो, असं त्यांनी सांगितलं. भागीबाईला त्यातलं फारसं खरं वाटलं नाही. पण टेबल त्या कोपऱ्यावर राहायला हवं होतं, आणि भाऊंना नाही म्हणून त्या कोपऱ्यावर कुणी राहिल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. ती बरं म्हणाली.

अर्ज भरायच्या दिवशी सकाळी कुंदन धावत आला. भाऊंच्या नव्या कुर्त्यावर छातीपाशी चहा सांडला होता आणि धुवायला वेळ नव्हता. अशा वेळी परीट जे करतो तेच भागीबाईने केलं. डाग ओल्या फडक्याने टिपला, त्यावर खडू घासला, वरून इस्त्री फिरवली. डाग जात नाही, तो झाकतो. दोन तास कुर्ता दुधासारखा दिसतो, मग माणूस हलला-बोलला की खडू झडायला लागतो. दोन तास भाऊंना पुरेसे होते.

त्याच दिवशी ती कचेरीत गेली, डाळिंबी लुगडं नेसून. दारावर हवालदार गर्दी मागे रेटत होता आणि आतून कारकून ओरडत होता, फक्त कँडिडेट आत या. कुंदनने तिला पुढे ढकललं. हवालदाराने हात बाजूला घेतला. आत तिला खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास दिला. कारकुनाने विचारलं, कँडिडेट तुम्हीच का, आणि ती हो म्हणाली. मग कुंदनने एकावर एक कागद ठेवले आणि बोटाने जागा दाखवली. तिने सहा की सात ठिकाणी सावकाश सह्या केल्या. प्रत्येक कागदावर कुंदनचा तळवा आडवा पडलेला होता, हे तिला पुढे आठवलं. त्या वेळी तिचं लक्ष खुर्चीकडे होतं. एकतीस वर्षं उभं राहणाऱ्या बाईला कचेरीतली खुर्ची कशी लागते, ते बसणाऱ्यांना सांगून कळणार नाही.

दुपारी कोळसा पेटवताना कँडिडेट हा शब्द तिच्या डोक्यात राहिला होता. बुधवार होता, म्हणजे वाल्मीकदादा येणार होते.

वाल्मीकदादा पलीकडच्या वसाहतीत राहतात. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी छापलेलं तपासलं आणि संध्याकाळी स्वतःसाठी इंग्रजी शिकले, रद्दीत घेतलेला एक जाडजूड शब्दकोश उशाशी ठेवून. त्यांच्या शर्टाची कॉलर दोन्ही बाजूंनी झिजलेली, पण आतून स्वच्छ. भागीबाई त्यांना मानते ती त्यामुळे. दर बुधवारी दोन शर्ट आणतात, स्टुलावर बसतात आणि इस्त्री होईपर्यंत पेपर वाचतात. तिने त्यांना कँडिडेटचा अर्थ विचारला. उमेदवार, ते म्हणाले. ती म्हणाली, ते मलाही ठाऊक आहे दादा; तो शब्द आला कुठून ते सांगा. वाल्मीकदादांना एवढा आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते शब्दकोश पिशवीत घालून आले.

फार पूर्वी, दोन हजार वर्षांमागे, रोम नावाचं शहर होतं, असं त्यांनी सांगायला सुरुवात केली. तिथे ज्याला मोठी जागा हवी असेल तो लोकांच्या मतांसाठी बाजारात फिरायचा. फिरताना पांढरं वस्त्र पांघरायचा. नुसतं पांढरं नाही, चकाकणारं. चकाकणाऱ्या पांढऱ्याला त्यांच्या भाषेत कँडिडस म्हणत, म्हणून तसलं वस्त्र पांघरणारा तो कँडिडेट. पुढे वस्त्र गेलं आणि शब्द उरला. आता नोकरीला गेलेला कँडिडेट, परीक्षेला बसलेला कँडिडेट, लग्नाच्या बाजारातला मुलगाही कँडिडेट. राखीचे डॉक्टर तर म्हणत असतील की हा पेशंट ऑपरेशनसाठी चांगला कँडिडेट आहे. भागीबाई म्हणाली, म्हणतात, राखीनेच सांगितलंय.

मग दादांनी आणखी एक पान उलटलं. मनात असेल ते साफ बोलून टाकणाऱ्याला इंग्रजीत कँडिड म्हणतात आणि तो शब्दही त्याच पांढऱ्यातून निघाला आहे. एका आईची दोन लेकरं. एक खरं बोलायला लागलं आणि दुसरं मतं मागायला. आणि आपला उमेदवार? तो फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा, ती बाळगणारा तो उमेदवार.

“म्हणजे त्यांच्याकडं कपडा बघून नाव ठेवलं, अन् आपल्याकडं आशा बघून,” भागीबाई म्हणाली. “आपली माणसं भोळीच.”

दादा हसले. मग चष्मा वर सरकवून त्यांनी शेवटची ओळ वाचली. वस्त्र आणखी पांढरं दिसावं म्हणून त्याला खडू फासत, असं लिहिलं होतं.

भागीबाईची इस्त्री थांबली. तिने ती उचलून उभी केली, कारण विचार करताना इस्त्री कपड्यावर ठेवायची नसते. आदल्या दिवशीचा खडू टेबलाच्या कोपऱ्यात अजून पडलेला होता.

“दादा, तो खडू कोण लावायचं?”

“कपडे साफ करणारे असतील कुणीतरी.”

“नाव लिहिलंय का त्याचं?”

दादांनी पान पुन्हा वाचलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. नाही लिहिलेलं, ते म्हणाले.

“नसायचंच,” ती म्हणाली आणि इस्त्री पुन्हा फिरवू लागली. दोन हजार वर्षं तो पांढरेपणा पुस्तकात चमकत राहिला होता. तो ज्याने घासून आणला त्याला पुस्तकात पायरीवरसुद्धा जागा नव्हती. त्या दिवसापासून प्रभागात जो जो पांढऱ्या कपड्यांत समोरून गेला, त्याच्याकडे ती अशा नजरेने बघू लागली की चालणाऱ्याला आपल्या पाठीला काही लागलंय की काय असं वाटावं.

छाननी दोन दिवसांनी झाली. संजनाबाईंचा अर्ज कसाबसा टिकला. भागीबाईचाही टिकला, तिच्या कागदांत खोट नव्हती. हॉलमध्ये अधिकाऱ्याने तिचं नाव पुकारलं, भागीबाई सहादू शिरसाठ, आणि ती उभी राहिली. अधिकाऱ्याने मान वर करून विचारलं की कँडिडेट कोण. ती मी म्हणणार, तेवढ्यात प्रफुल्लभाऊंनी हसत हात पुढे केला आणि शेजारच्या संजनाबाईंकडे दाखवून म्हणाले, “कँडिडेट या, साहेब. या आमच्या कपड्यांच्या मावशी.” हॉलभर हशा पिकला. वाईट कुणी हसलं नाही. सहज हसले, जसं लहान मूल मोठ्यांच्या चपला घालून आलं की हसतात. कुंदनने तिला बसायची खूण केली. मग संजनाबाईंबरोबरच्या बायकांना जागा हवी होती, म्हणून त्याने तिला उठायची खूण केली. ती उठली. डाळिंबी लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या आणि द्वारकेपर्यंत चालत आली.

त्या संध्याकाळी तिने राखीला फोन लावला, पण हॉलमधलं काही सांगितलं नाही. सुरगाण्याला थंडी किती आहे, नागलीच्या भाकरी मिळतात का, एवढंच विचारलं. सांगायची वेळ अजून आलेली नाही, हे तिला कुठेतरी समजत होतं. माघारीला तीन दिवस होते. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तिचं नाव यादीतून पुसलं जाणार होतं, आणि ती जाऊन पुसणार नाही असं तिने मनाशी ठरवलं. भाऊ म्हणालेच होते, तुमचाच हक्क आहे तो.

माघारीच्या आदल्या दिवशी सकाळी भाऊंच्या घरून कपड्यांचं गाठोडं आलं. तिने कायद्याप्रमाणे खिसे पाहिले. एका पायजम्यात सुपारीची पुडी. एका कुर्त्यात कंगवा आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. चौथ्या कुर्त्याच्या आतल्या खिशात चौघडी केलेला कागद. तिने तो काढला आणि बाजूला ठेवायला हात वळवला, तोच तिचं लक्ष गेलं. घडीची एक बाजू उलटी पडली होती आणि त्या बाजूला सही होती. तिची स्वतःची. सातवीतल्या वळणाचा, काना जरा लांब गेलेला तो भा तिने कुठेही ओळखला असता.

कागद हातात घेऊन ती बराच वेळ हौदापाशी बसली. एकतीस वर्षांत तिने खिशातलं काही उघडलं नव्हतं. आता उघडायचं की नाही, या एका गोष्टीशी ती जेवढी झगडली तेवढी पुढच्या कशाशीच झगडली नाही. शेवटी तिने सहादूच्या कायद्याचाच आधार घेतला. दुसऱ्याचं वाचायचं नाही. ज्याच्यावर आपली सही आहे ते दुसऱ्याचं कसं असेल? तिने घड्या उलगडल्या. मी माझी उमेदवारी स्वखुशीने मागे घेत आहे, असं छापलेलं होतं. खाली आणखी चार ओळी, की ही सूचना माझ्या वतीने माझे सूचक कुंदन यांनी कचेरीत द्यावी. तारीख मोकळी होती. सही अर्ज भरायच्या दिवशीची, तळव्याखालची.

म्हणजे तिने खुर्चीवर बसून कँडिडेट व्हायची सही केली, आणि त्याच खुर्चीवर, पुढच्याच मिनिटाला, तिच्याकडून नाही होण्याची सही काढून घेतली होती. वर पुन्हा तो हक्काचा गोड घास. तिला राग आला असं म्हणता येणार नाही. राग बरोबरीच्या माणसावर येतो. तिला किळस आली, कुणाच्या खिशात ओला रुमाल हाताला लागावा तशी. आणि त्याहून जास्त हसू आलं. एवढा महत्त्वाचा कागद, आणि या माणसाने तो खिशात ठेवून कपडे परटिणीकडे पाठवले. चूक झाली असेल, गडबड असेल. पण बँकेच्या साहेबाच्या खिशात ठेवून तो विसरला नसता. धुणाऱ्या बाईला डोळे असतात हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

तिने कपडे धुतले. कांजी नेहमीपेक्षा जरा जास्तच घट्ट केली. कागद घरी नेऊन पेटीत ठेवला, सगळ्या दाखल्यांच्या खाली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कुंदन आला. दोन्ही हातांत दोन फोन, चेहरा सुकलेला. त्याने कपडे मागितले. भागीबाईने चार जोडांची घडी दिली आणि वर कापडाची पुरचुंडी ठेवली. कुंदनने ती तिथेच सोडली. सुपारी, कंगवा, पत्रिका. त्याने पत्रिका उघडून झटकली, कुर्ते उलगडून खिसे पाहिले, सकाळपासूनची इस्त्री मोडली. एक कागद होता, तो म्हणाला.

“व्हता,” ती म्हणाली. “ज्याचा त्याला दिला.”

“कोणाला?”

“नाव लिहिलं व्हतं ना त्याच्यावर. तिला.”

कुंदनला समजायला थोडा वेळ लागला. मग तो फोनवर बोलत बोलत गल्लीच्या टोकाला गेला. पाऊण वाजता प्रफुल्लभाऊंची गाडी आली. भाऊ कोऱ्या पांढऱ्या कपड्यांत होते. तीन वाजता कचेरीच्या पायऱ्यांवर संजनाबाईंच्या शेजारी उभं राहून फोटो द्यायचे होते. स्टुलावर वाल्मीकदादा बसले होते. बुधवार नव्हता, तरी बसले होते. भाऊंनी त्यांना नमस्कार केला, दादा जय भीम म्हणाले आणि पेपर वाचत राहिले.

भाऊ आधी गोड बोलले. मावशी, घरचं माणूस समजून सांगितलं होतं, म्हणाले. ती इस्त्री फिरवत राहिली. मग ते समजुतीचं बोलले, की उभं राहायला माणसं लागतात, पत्रकं लागतात, घरोघर फिरावं लागतं. ती घरोघर कपडे पोचवतच होती, त्यामुळे त्याचं तिला काही वाटलं नाही. मग आवाज खाली आणून त्यांनी कडुनिंबाकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं, आणि हा कोपरा रस्त्याच्या हद्दीत येतो याची आठवण करून दिली. एवढं एक ऐकताना तिचा हात जरा हळू झाला. कोपरा गेला तर पोट गेलं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने इस्त्री उभी केली, झाकण उघडून निखारे फुंकले, राख उडू दिली आणि पुन्हा झाकण लावलं.

“कोपरा काढायचा तर काढा भाऊ. मी पलीकडच्या गल्लीत उभी राहीन. इस्त्रीला कुटंबी निखारा लागतो, कोपरा नाय लागत.”

कुंदनने नवा फॉर्म पुढे केला, पेनाचं टोपण काढून. सही करा मावशी, तासाभराचं काम आहे. ती म्हणाली, हात मोकळा नाही. भाऊंनी घड्याळ पाहिलं. दीड वाजून गेला होता. त्यांचा तोल सुटला तो तेव्हा.

“कँडिडेट म्हणजे काय ते तरी कळतं का तुम्हाला?”

वाल्मीकदादांनी पेपर खाली घेतला. पण प्रश्न त्यांना नव्हता.

“कळतं की,” भागीबाई म्हणाली. “पांढरे कपडे घालून मतं मागत हिंडायचा, तो. दोन हजार वर्षं झाली त्या गोष्टीला. कपड्याला खडू लावायचे, पांढरं दिसावं म्हणून. पुस्तकात हाय. घालणाऱ्यांची नावं हायेत, लावणाऱ्याचं नाय. तर यंदा म्हटलं, लावणारीचं राहू द्या एक.”

भाऊ ऐकत होते, पण समजत नव्हतं. माणूस वेड्यासारखं बोलायला लागला की कसं ऐकतात तसं ऐकत होते. पाय थकले म्हणून की चीड आली म्हणून, त्यांनी मागे रेलायला आधार शोधला आणि कोपर कोळशाच्या पोत्यावर टेकलं. कुंदनने बोट दाखवलं. भाऊंनी हात उचलला. कोपरापासून मनगटापर्यंत काळा पट्टा उमटला होता, नव्या कुर्त्यावर, हातभर.

पुढे जे झालं ते भाऊंच्याही लक्षात आलं नसावं. सतरा वर्षांची सवय. भांडण चालू आहे, ही बाई आपल्या हातातून निसटली आहे, हे सगळं ते विसरले. त्यांनी बाही तिच्यापुढे धरली, जशी माणसं नळापुढे हात धरतात, आणि ती आता फडकं घेईल, टिपेल, खडू घासेल म्हणून वाट बघत उभे राहिले.

भागीबाईने टेबलाच्या कोपऱ्यातून खडू उचलला. तो तिने भाऊंच्या तळहातावर ठेवला.

“घासा,” ती म्हणाली. “दोन तास टिकतो.”

भाऊंनी खरंच दोन-तीन वेळा घासून पाहिलं. परटाच्या हातचं काम पुढाऱ्याच्या हाताला कसं येणार? ओलं न करता घासलेला खडू कोळशात मिसळला आणि पट्टा राखाडी होऊन दुप्पट पसरला. घरी जाऊन बदलायला वेळ नव्हता. कुंदनने त्या मोडलेल्या चार जोडांतला एक कुर्ता उचलला आणि गाडीत बसल्या बसल्या भाऊंनी तो अंगात घातला. चुरगळलेला होता. जास्तीच्या कांजीमुळे चुण्याही कडक बसल्या होत्या, चेहऱ्यावरच्या आठ्यांसारख्या. गाडी द्वारकेच्या गर्दीत शिरेपर्यंत वाल्मीकदादा तिच्याकडे बघत होते.

तीन वाजेपर्यंत भागीबाईने रिक्षावाल्याचे दोन शर्ट, शाळेतल्या बाईंची साडी आणि एका नवऱ्या मुलाचा कोट केला. कोटाच्या खिशात बसचं तिकीट होतं. ते तिने न उलगडता बांधून ठेवलं. तीनला दादांनी घड्याळ बघितलं, शर्टांची घडी काखेत घेतली आणि वाजले म्हणाले. ती हं म्हणाली.

भाऊंचे कपडे त्यानंतर तिच्याकडे आले नाहीत. कोपऱ्याची नोटीस आली, ती तिने पेटीत त्या कागदावर ठेवली. कडुनिंबाखाली अजून ती आहे, उद्याचं सांगता येत नाही. मत द्यायच्या दिवशी मोरपंखी लुगडं नेसून ती सकाळीच शाळेत गेली. यंत्रावर आपल्या जागेची नावं तिने वरून खाली बोट न लावता वाचली. पाचवं तिचं होतं, पूर्ण, सहादूसकट, शेजारी इस्त्रीचं चित्र. किती मतं पडतील याचा विचार तिच्या मनात आला नाही. केंद्रावरच्या बाईने आडोशाबाहेरून हाक मारली की झालं का मावशी, मागे रांग आहे. भागीबाई म्हणाली, थांबा, वाचतेय.